किशनकाकांची उजवी भिंत

किशनकाका मला पहिल्यांदा दिसले तेव्हा ते उलटे चालत होते. पूर्णा स्टेशनच्या पाठीमागच्या वस्तीत मी भाड्याची खोली बघायला गेलो होतो. शाळेत नवाच लागलेला मास्तर मी, हातात वळकटी. समोरच्या मोकळ्या जागेत एक उंच, मिशाळ गृहस्थ जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं रेघ ओढत पाठमोरे माझ्याच दिशेनं येत होते. मी ती रेघ ओलांडली मात्र, कर्रकन शिट्टी वाजली.

"ओ पाव्हणं! भिंतीतून कुटं घुसायलात? दार तिकडं हाय!"

मी निमूट मागे फिरलो आणि नसलेल्या दारातून आत गेलो. "या, बसा," ते प्रसन्न होऊन म्हणाले. मी बैठकीच्या खोलीत, म्हणजे मातीत, बसलो. अशी आमची ओळख झाली आणि शेजारची खोली मला मिळाली.

काका मालगाडीचे रिटायर्ड गार्ड. तीस वर्षं शेवटच्या डब्यात उभं राहून त्यांनी मागे पळणारे रूळ बघितले होते, आणि तीच दिशा अंगात मुरली होती. पेपर ते शेवटच्या पानापासून वाचत. लग्नात मांडवाकडे पाठ करून बसत. "मागं कोन राहिलं ते बघाया नको का? पुढं बघायला ड्रायव्हर असतो," असं वर ऐकवत.

त्यांच्या तीन खोल्यांच्या घरात स्वयंपाकघराला एकही खिडकी नव्हती. एका भिंतीपलीकडे विहीर आणि कडुनिंब, दुसऱ्या भिंतीपलीकडे वीस पावलांवर रेल्वेचे रूळ. मधल्या अंधारात गयाकाकू, म्हणजे काकांच्या पत्नी, तीस वर्षं चुलीपाशी खोकत होत्या. गाडी कोणती ते त्या फळीवरच्या भांड्यांवरून सांगत. जर्मनचे डबे थरथरले तर पॅसेंजर, पितळेचा हंडा वाजला तर मालगाडी.

रिटायर झाल्यावर काकांनी घर नीट करून घ्यायचं जाहीर केलं, तेव्हा काकूंनी एकच गोष्ट मागितली. "खिडकी रुळाकडं करा. तीस वर्सं तुमची गाडी नुस्ती ऐकली. आता गाडी जाताना बघू तरी द्या."

"रूळ बघून बघून माजे डोळे गेले," काका म्हणाले. "खिडकी विहिरीकडं. खलास!"

काकू पुन्हा चुलीकडे वळल्या. काम मात्र सुरू झालं नाही, कारण काकांचं दुसरं वाक्य असं होतं, "लाईन क्लिअर मिळाल्याबिगर गाडी हलत नसती." लाईन क्लिअर मिळायची म्हणजे काय? तर आधी त्या घरात राहून बघायचं. म्हणून तो चुन्याचा नकाशा, घराएवढाच मोठा. काकूंनी महिनाभर चुन्याच्या स्वयंपाकघरात, उघड्या आभाळाखाली स्वयंपाक केला. खिडकी म्हणून जुन्या बाजेची चौकट दगडांत उभी केली होती. काकू तिच्यातून मला चहा द्यायच्या आणि मी तो भिंतीबाहेर उभा राहून प्यायचो.

एके दिवशी शेजारची म्हैस थेट भिंतीतून आत आली. काका लाल झेंडी घेऊन आडवे झाले. म्हशीनं झेंडी खाल्ली. संध्याकाळी काकांच्या डायरीत नोंद झाली: "म्हैस. भिंतीतून प्रवेश. एक झेंडी कमी."

उत्तम गवंडी चार वेळा हत्यारं घेऊन आला आणि चार वेळा परत गेला. कधी चूल एक वीत सरकायची, कधी फळी. मधे तो औरंगाबादला विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चालाही जाऊन आला. भिंत होती तशीच. "गार्डसाहेब, पैज लावा," तो हसत म्हणाला, "नामांतर आधी व्हईल, तुमची खिडकी मागून."

पाचव्या वेळी काकांनी त्याच्या हातात कागद दिला: "खिडकी: उजवी भिंत, चुलीपासून तीन पावलं." उत्तम आत गेला. त्यानं छन्नी भिंतीला टेकवली, आणि काका अंगणातून ओरडले, "थांब रे! वारा कुनीकडचा हाय ते पुन्ना एकडाव बघतो!"

तेव्हा गयाकाकू दारात आल्या. त्यांच्या हातात काकांच्या पेटीतली हिरवी झेंडी होती. त्यांनी ती शांतपणे उंच धरली आणि हलवली.

काकांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. तोंड "नको" म्हणायला उघडलं होतं, पण हात शिट्टीकडे गेला. तीस वर्षांची सवय! शिट्टी वाजली. मग नियमाप्रमाणे काकांनी घराकडे पाठ केली आणि ताठ उभे राहून मागे बघू लागले. आत घण पडायला लागले. "काका, बघा तरी!" मी म्हणालो. "हिरवी दिल्यावर गाडी थांबवता येत नसती," ते डोळे मिटून म्हणाले.

भगदाड पडलं आणि काका वळून आत गेले, मागोमाग मी. समोर विहीर नव्हती. खडखडत मालगाडी चालली होती, आणि शेवटच्या डब्यातला गार्ड आ वासून आमच्या चुलीकडे बघत होता.

झालं होतं एवढंच. काकांनी उजवी भिंत ठरवली ती घराकडे पाठ करून, दाराबाहेर तोंड करून. उत्तम बापडा सगळ्या जगासारखा सरळ तोंडानं आत गेला.

काका दोन दिवस खिडकीकडे पाठ करून बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीशी खुर्ची ओढली आणि येणाऱ्या गाडीला हिरवी झेंडी दाखवली. गार्डनंही दाखवली. मग तो शिरस्ताच पडला. काकू भाकरी थापत, गाडी बघत, आणि खोकला धुरासोबत त्या खिडकीतून निघून गेला.

उत्तम पैज हरला, पण नामांतर झालं तेव्हा पेढे घेऊन सगळ्यांत आधी तो त्याच खिडकीशी आला. त्याच वर्षी काका गेले.

पंधरा दिवसांनी मी काकूंकडे गेलो. खिडकीशी उभा राहून म्हणालो, "काकांची उजवी चुकली म्हणून तुम्हाला रूळ दिसले, नाही?"

काकूंनी भाकरी उलटली. "उत्तमनं आत आल्यावर इचारलं व्हतं, काकू, उजवी म्हंजी कोनती? मी उजवा हात वर केला, रुळाकडचा."

"पण काकांची उजवी कोणती, ते तुम्हाला ठाऊक होतं!"

"तीस वर्सांच्या वर संसार केला, मास्तर. ठाऊक नसंल व्हय?"

फळीवरचा पितळेचा हंडा वाजायला लागला. काकूंनी पिठाच्या हातानं खुंटीवरची झेंडी काढली.

"सरका जरा," त्या म्हणाल्या. "गाडी आली."