यमुताईंनी घड्याळांना तेल घातलं

कौसल्या चाफले यांच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस हमखास विचारायचा, "हे घड्याळ अर्धंच राहिलं का?" कोराडीच्या वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंट विभागातून निवृत्त होऊन त्या मानकापूरच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या, तेव्हापासून हा प्रश्न त्यांच्या वाट्याला आला होता. स्केलेटन घड्याळाला पेटी नसते, पाठ नसते, तबकडीही नुसत्या कड्यापुरती. चाकं, स्प्रिंग, लंबक सगळं उघडं आणि वर काचेचा घुमट. उघडं असणं हीच त्याची शोभा, हे समजावताना त्यांचं तोंड दुखायचं आणि ऐकणारा शेवटी म्हणायचा, "पण मग झाकण कधी बसवणार?"

अशी चार घड्याळं त्यांच्याकडे होती. तीन नवी, जुन्या घडणीवरून केलेली. चौथं अस्सल, इंग्रजांच्या काळातलं. कामठीतला एक जुना बंगला रिकामा होत होता, तिथून आणलेलं. पितळी सांगाडा चर्चच्या कमानीसारखा, आत सायकलच्या चेनसारखी पण मुंगीएवढ्या कड्यांची साखळी. त्याचा विषय निघाला की कौसल्याबाई आपोआप ताठ बसायच्या.

थंडीत त्यांच्या नणंद यमुताई नरखेडकडच्या गावाहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आल्या. कौसल्याबाईंचे पती मनोहरराव जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी नणंद-भावजयीचं येणं-जाणं तुटलं नव्हतं. ऑपरेशन चांगलं झालं. जरा जास्तच चांगलं झालं. यमुताईंना आता शेगडीखालचा डाग दिसू लागला, पंख्याच्या पात्यांवरची वीज केंद्राची राख दिसू लागली, कौसल्येच्या हनुवटीवरचा केससुद्धा दिसला, आणि दिसेल ते त्या बोलून दाखवू लागल्या. वयानं आणि नात्यानं मोठ्या. कौसल्याबाई ओठ घट्ट मिटून "हो ताई" म्हणत राहिल्या.

मग घड्याळं बंद पडू लागली. सकाळी उठावं तर चारही गप्प. दुपारी खोलीत ऊन आलं आणि लंबकाला बोट लावलं की चालायची, पुन्हा पहाटेच्या गारठ्यात थांबायची. कौसल्याबाईंनी फळीची पातळी तपासली. खालून जाणाऱ्या कोळशाच्या ट्रकना दोष दिला. शेवटी इतवारीतल्या ताराचंदला फोन लावला. घड्याळाचं खास तेल त्या त्याच्याकडूनच घ्यायच्या.

"तुमच्या तेलात भेसळ आहे," त्या म्हणाल्या. "असं तेल विकायला लाज कशी वाटत नाही?"

ताराचंद काहीतरी सांगू पाहत होता. त्यांनी फोन ठेवला.

मग भिंग घेऊन त्यांनी कामठीच्या घड्याळाचा घुमट उतरवला. चाकांच्या दातांमध्ये पांढरं मेण साचलं होतं. नाक जवळ नेलं आणि त्या तशाच बाल्कनीत गेल्या. यमुताई उन्हात संत्रं सोलत होत्या.

"यमुताई, तुम्ही घड्याळांना काही लावलं का?"

"लावलं ना. तू बँकेत गेली होती तवा. किती कोरडे पडले होते वं ते दात. मले आता दिसते ना सारं. कापसाच्या वातीनं लावलं, एकही दात सोडला नाही."

"कोणतं तेल?"

"खोबऱ्याचं. घाण्याचं आहे, शुद्ध. आधी उन्हात पातळ केलं."

"ताई, दातांना तेल लावत नाहीत. फक्त दांड्याच्या टोकाला, तेही सुईच्या अग्राएवढं."

"मंग आधी सांगाचं ना. विहिरीच्या मोटरले मी इतके साल ग्रीस देऊन राहिली, कोणी नाही बोललं."

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. नणंदेला बोलण्यासारखं काहीच नव्हतं.

चारही घड्याळं खोलावी लागली. कामठीच्या घड्याळाला आजवर त्यांनी स्क्रूड्रायव्हर लावला नव्हता. जुन्या घड्याळाचे स्क्रू हातानं केलेले, एकाच्या भोकात दुसरा बसत नाही, म्हणून एकेक स्क्रू त्यांनी वेगळ्या वाटीत ठेवला. यमुताई ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून मदतीला बसल्या. कौसल्याबाई हात धुऊन येईपर्यंत त्यांनी सगळ्या वाट्या एका ताटात उलट्या केल्या होत्या.

"एकदमच धुतो म्हटलं," त्या म्हणाल्या. "इतक्या वाट्या काहून खराब कराच्या?"

कौसल्याबाईंनी ताट पुढे ओढलं. आता प्रत्येक स्क्रू प्रत्येक भोकात लावून पाहायचा, दुसरा इलाज नव्हता. पहिला पहिल्याच भोकात बसला. दुसराही बसला. मग त्यांनी मुद्दाम अदलाबदल केली. कुठलाही स्क्रू कुठेही बसत होता. जुन्या पेटीतून आटे मोजायचं माप काढून लावलं. आटे मिलिमीटरचे होते. असल्या मापाचे स्क्रू इंचात मोजणाऱ्या त्या काळच्या इंग्रज कारागिराच्या घड्याळात असणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या इतवारीत गेल्या. तेलाबद्दल माफी मागायचीच होती. ती मागून झाल्यावर त्यांनी स्क्रूंचं सांगितलं. ताराचंदनं चहा मागवला.

"मला माहीत होतं, मॅडम. तुम्ही दाखवायला आणलं होतं, तेव्हाच."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलंच नाही. आणि त्या दिवशी इतक्या खुशीत होत्या तुम्ही. मी म्हटलं, जाऊ द्या."

कौसल्याबाईंना त्याचा राग आला, बंगलेवाल्यांचा आला, आणि इतकी वर्षं इन्स्ट्रुमेंट विभागात घालवूनही एक स्क्रू काढून न पाहणाऱ्या बाईचा सगळ्यात जास्त आला. चहा मात्र चांगला होता. तो पिऊन त्या घरी आल्या.

"म्हणजे नवं आहे ना?" यमुताई म्हणाल्या. "बरंच झालं. टिकन तरी."

कौसल्याबाई कामाला लागल्या. घड्याळ जोडलं, चावी दिली, लंबक सोडला. टिकटिक लंगडी येत होती. कान लावून त्यांनी एका पायाखाली कागदाची घडी सरकवली, मग आणखी एक. हळूहळू ठोके सारखे झाले. ती मुंगीएवढ्या कड्यांची साखळी संथ उलगडू लागली. ज्यानं कोणी केली असेल त्यानं मेहनत घेतली होती, एवढं त्यांना मान्य करावं लागलं. घड्याळ होतं त्याच जागी राहिलं.

संध्याकाळी यमुताई गावी सुनेशी, दिपालीशी फोनवर बोलत होत्या. आवाज साऱ्या फ्लॅटभर.

"अवं, इंग्रजाच्या टायमाचं घड्याळ आहे हिच्याकडं. बंद पडलं होतं. आम्ही दोघींनी खोललं ना, चालू केलं."

कौसल्याबाई भाजी चिरत होत्या. दुरुस्ती करण्यासारख्या किती गोष्टी त्या वाक्यात आहेत, हे त्यांनी मनात मोजायला घेतलं आणि सोडून दिलं.

"ताई," त्यांनी आतूनच यमुताईंच्या बोलीत विचारलं, "वरणाले फोडणी लसणाची देऊ का?"