अळणी मंगळवार

नर्स वासुकी पहिल्यांदा तंजावूरच्या राजवाड्यामागच्या जुन्या मराठी घरांच्या गल्लीत शिरली, तेव्हा गल्ली अशी ओस पडली की कावळ्यांनाही करमेना. ती अप्पाजींना तमिळमध्ये एवढंच म्हणाली होती, "उद्या सकाळपर्यंतची सगळी लघवी या कॅनमध्ये साठवायची." काठीशिवाय पाऊल न टाकणारे अप्पाजी काठी टाकून शेजारच्या भिंतीवर चढले. ते थेट पुढच्या पापनाशम गावाला उतरले असते, पण वासुकीने घाबरून मराठीत हाक मारली, "आजोबा, पडाल."

अप्पाजी भिंतीवरच थांबले. "तू कुणाची?"

"तिरुवैयारूच्या तुळजारामरावांची नात."

"मग आधी सांगायचं नाही? कॉफी घेशील ना?"

त्या कॉफीत वासुकी बुडाली ती बुडालीच.

सरकारी इस्पितळात तिने वर्षानुवर्षं अर्धांगाचे रोगी उचलले होते. हे लोक इथे येण्याआधीच काही करता येईल का, या विचाराने ती संशोधनाकडे वळली. लोक मीठ किती खातात, हे दिवसभराच्या लघवीतून कळतं; ते समजावल्यावर कमी करतात का, हे तिला बघायचं होतं. आता चेन्नईत अशा अभ्यासांची प्रमुख म्हणून तिला बोलावणं आलं होतं. तिने नवी बॅगसुद्धा घेतली.

पण गल्ली सोडेना. प्रत्येक दारात कॉफी, प्रत्येक ओट्यावर कुणाचं तरी ब्लड प्रेशर, प्रत्येक घरात तिच्यासाठी एक विधुर चुलतभाऊ. तिच्या जागी साईप्रिया नावाची हुशार तमिळ मुलगी आली, तर गल्लीने तिला चकलीसारखे मुरुक्कू दिले आणि कॅनमध्ये नळाचं पाणी.

"परक्या पोरीच्या हातात असली वस्तू द्यायची?" नागलक्ष्मीकाकूंनी विचारलं.

"अभ्यास संपव आणि जा," वरिष्ठ डॉक्टर मुरलीकृष्ण म्हणाले.

अभ्यास संपतही आला होता. कॅन मंगळवारी ठेवायचे, बुधवारी उचलायचे. आकडे इतके सुंदर येत होते, मीठ इतकं उतरलं होतं, की डॉक्टर सगळ्या जिल्ह्याला या गल्लीचा कित्ता गिरवायला लावणार होते.

एका सोमवारी वासुकी विसरलेली छत्री न्यायला काकूंकडे गेली. अप्पाजी तिथे दहीभातावर मीठ-ताकात मुरवून तळलेल्या मिरच्यांचा ढीग रचत होते. शेजारी अप्पळम पापड, लिंबाचं लोणचं.

"आज सोमवार आहे," अप्पाजी वकिली थाटात म्हणाले.

"म्हणजे?"

"मंगळवारी अख्खी गल्ली अळणी जेवते," काकू कौतुकाने म्हणाल्या. "तुझा निकाल चांगला लागावा म्हणून. तुला आम्ही कमी पडू देऊ का?"

वासुकी पाटावर बसली. गप्प राहिलं तर चेन्नई. बोललं तर पुन्हा ही गल्ली. काकूंनी तेवढ्यात तिचंही पान वाढलं, आणि लोणचं इतकं चांगलं होतं की तिला रडूही नीट येईना.

इस्पितळात उचललेली माणसं मात्र डोळ्यांपुढून हलेनात. दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांना सगळं सांगितलं.

"मग पुन्हा पहिल्यापासून," डॉक्टर म्हणाले. "आणि तुझ्याशिवाय तिथे कॅन कोण भरून देणार?"

गल्लीला फार वाईट वाटलं. इथून पुढे सोमवारीही अळणी जेवू, असं सगळ्यांनी मनापासून कबूल केलं.

चेन्नईची जागा साईप्रियाला मिळाली.