पाचवं कात्रण

बाळांनो, हे तुम्हा दोघांसाठी आहे, पण आधी थोरलीने वाचावं. परवा फोनवर तू जरा खालच्या आवाजात म्हणालीस, "आजी, पत्रकारिताच शिकणार आहे, पण आधी दोन वर्षं इथल्याच छोट्या कॉलेजात. मग युनिव्हर्सिटी." तो खालचा आवाज मला ओळखीचा वाटला, म्हणून आजच लिहायला बसले.

मीही तशीच शिकले. तेव्हा नव्वदच्या दशकातली वर्षं होती. तुमची आई सातवीत होती आणि मी पस्तिशीत. इंग्रजी शाळेत शिकून बी. ए. झालेली मी लग्न होऊन गेवराईला आले, त्याला बरीच वर्षं झाली होती. सासऱ्यांचं बाजारपेठेत दुकान होतं: दावी, कासरे, म्होरक्या, घुंगरमाळा, जनावरांना लागेल ते सगळं. मागे घर. गावच्या कॉलेजात संध्याकाळी पत्रकारितेचा एक वर्षाचा वर्ग निघाला तेव्हा सासरेच म्हणाले, "जा की. घरात पेपर सगळ्यात आधी तूच ओढतीस."

वर्गात अकराजण होतो. दहा पोरं आणि मी. पोरं मला काकू म्हणत आणि माझ्या वहीतून उतरवून घेत. शिकवणारे सर बीडच्या एका दैनिकाचे वार्ताहर होते आणि तुमच्या आजोबांचे मित्र, म्हणून मी त्यांची वहिनी. वर्षाअखेरी ज्याच्या नावाने पाच बातम्या छापून आलेल्या असतील, त्याला औरंगाबादला विद्यापीठात पुढच्या अभ्यासक्रमाला अर्ज करता येत असे. अर्जाला आठ दिवस उरले तेव्हा माझ्याकडे चार कात्रणं होती.

पाचवी बातमी सरांनीच दिली. उमापूरच्या बाजूला एका लहान गावात पहिला सार्वजनिक फोन सुरू होणार होता. कार्यक्रम दुपारचा. मी जायला निघाले तर सर हसले.

"वहिनी, निमंत्रण पत्रिका हातात आहे ना? मग कार्यक्रम झाला असं समजा. चारची बस पाहुण्यांसाठी थांबत नसते."

आमच्याकडे बातम्यांचं पाकीट चारच्या एसटीने, कंडक्टरच्या हाती बीडला जाई. ती बस गाठायची म्हणून दुपारनंतरचा कार्यक्रम सकाळीच लिहून टाकायचा, अशी सगळ्यांचीच रीत होती. मीही पत्रिका पुढे ठेवून लिहिलं: प्रमुख पाहुण्यांनी पहिला फोन लावून उद्घाटन केले, ग्रामस्थांनी टाळ्यांचा कडकडाट केला. दुसऱ्या दिवशी माझ्या नावासकट छापून आलं. पाच झाली. मी कात्रण खळीने चिकटवलं आणि घरात शिरा केला.

बाजारच्या दिवशी एक म्हातारी धनगरीण शेळीच्या पिल्लांना घुंगरं घ्यायला दुकानात आली. सासऱ्यांचं जुनं गिऱ्हाईक.

"आप्पा, तुमची सून पेपरात लिवती न्हवं? मंग माजा फोन त्या पाव्हण्याच्या नावावर काहून घातला?"

"तुजा फोन? पाव्हणा आला न्हाई का?"

"आलता कुठं! खुर्ची मोकळीच. सरपंच म्हणला, लावा बे कुनीतरी, हार सुकायलेत. समदी पोरं लाजली. म्या पदराची गाठ सोडली, लेकाचा नंबर दिला. पुण्याला हाय त्यो. म्हणलं, काळी व्याली, दोन पिल्लं हायती. एवढं बोलले, तर लई हसला."

मी आतल्या दारात उभी होते. तिने मला पाहिलं, आणि रागावली नाही, एवढंच म्हणाली, "बाई, नीट छापून आलं की मला एक पेपर दे. लेकाला धाडायचाय."

ती गेल्यावर सासरे दाव्यांची जुडी बांधत म्हणाले, "घुंगरं तिला मी दिली. तिचा फोन द्यायचा तुझ्याकडं ऱ्हायलाय."

त्या दुपारी पोळ्या लाटताना मी तीनदा गप्प बसायचं ठरवलं. बातमी खोटी आहे हे विद्यापीठात कुणाला कळणार होतं? सरांकडे गेले तर तेही तेच म्हणाले. "खुलासा छापला की बातमी बाद. आणि खुलासा काही बातमीत धरत नाहीत. वर्ष जाईल, वहिनी."

पण मला सारखी ती म्हातारी पेपर उलगडून कुणाकडून तरी वाचून घेताना दिसत होती. मी चार ओळी लिहिल्या: पाहुणे आले नव्हते, पहिला फोन गावातल्या एका आजींनी पुण्याला मुलाला लावला, शेळी व्याल्याचं कळवलं, आधीची बातमी मी कार्यक्रमाला न जाता लिहिली होती. पाकीट चारच्या बसला मीच नेऊन दिलं.

विद्यापीठातल्या कारकुनाने माझी फाईल दोनदा चाळली. "चारच आहेत, मॅडम," म्हणाला आणि परत दिली. येताना बसमध्ये मी रडले, हेही लिहून ठेवते. घरी तुमच्या आईने पाट मांडून ठेवले होते.

ते वर्ष मी सरांच्याच वर्गात मागच्या बाकावर काढलं. जिथली बातमी, तिथे जाऊन लिहायची. कितीदा तरी चारची बस चुकली आणि बातमी शिळी झाली. तरी पुढच्या जूनमध्ये माझ्याकडे सात कात्रणं होती. प्रवेश मिळाला.

दुकान आता नाही, आणि त्या गावातला फोनही कधीच निघून गेला. खुलाशाचे दोन पेपर मी घेतले होते. एक म्हातारीने पुण्याला धाडला. दुसऱ्यातल्या चार ओळी आणि खाली माझं नाव माझ्या फाईलमध्ये पहिल्या पानावर आहे.