कढीपत्त्याच्या मुळापाशी न पुरलेली जाळी

पहिल्यांदाच कोंबड्या पाळणाऱ्यांनो, हे वाचा. आज सकाळी अंबत्तूरला माझ्या परसात मुंगसाने चारपैकी तीन कोंबड्या मारल्या. दोघींची मुंडकी तोडली होती. तिसरीचा गळा फाटला होता, तरी ती पाय झाडत होती. शेजारच्या सेल्वीने तिची मान मुरगळली. मी फक्त पाय धरून ठेवले.

खुराडं मी पुस्तकं वाचून बांधलं होतं. बसायला आडवा बांबू, खाली कोरडा भुसा, खेळती हवा, रोजची झाडलोट. जाळी हातभर जमिनीत पुरायची, हेही वाचलं होतं. तीन बाजूंनी पुरली. चौथ्या बाजूला ह्यांनी जाण्याआधी लावलेला कढीपत्ता आहे. मुळं तुटतील म्हणून तिथे खणलं नाही. मुंगूस तिथूनच उकरून आत शिरलं.

“झाड जपलंत अक्का, आणि कोंबड्या मुंगसाला वाढल्यात,” सेल्वी म्हणाली.

दुपारी कोयत्याने मुळं तोडून जाळी पुरली. उरलेली कोंबडी अजून बांबूवरून उतरत नाही.

एका बाजूची सगळी मुळं तोडली तर कढीपत्ता जगतो का? कुणी केलं असेल तर सांगा. ह्यांच्या हातचं तेवढंच उरलंय.