गोणपाटावर बसलेले मिस्तरी

धामणगाव बढ्याचे मिस्तरी गाडीच्या आधी गाडीवाल्याला दुरुस्त करायचे. बोनेट उघडायच्या आत त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. "गाडीनं काय केलं ते नोको सांगू बे, तुनं काय केलं ते सांग!" लोक म्हणायचे, हात सोन्याचा, पण जीभ कारल्याची. मला ती कधी कडू वाटली नाही. फुकटचा शहाणपणा करणाऱ्यांशी गोड कशाला बोलायचं?

तापलेली गाडी आली की त्यांची एक रीत होती. इंजिन चालू ठेवून ते पुढच्या जाळीसमोर चिमूटभर पिंजलेला कापूस सोडत. पंखा हवा ओढत असेल तर कापूस जाळीला चिकटायचा. खाली पडला की मिस्तरी मालकाकडे असं बघत की तो दोन पावलं मागेच सरकायचा. "पंखा फिरून राह्यला म्हंजे वारा ओढूनच राह्यला, असं नसते!" हे मी शंभरदा ऐकलं असेल.

चैत्रातली गोष्ट. माझी बायको दोन दिवस अडली होती. सुईणीनं हात टेकले, बुलढाण्याच्या दवाखान्याशिवाय इलाज नव्हता. गावात जीप एकच, नानासाहेबांची. ते नुकतेच मलकापूरहून आले होते, तरी स्वतः चालवायला निघाले. हे त्यांचे उपकार, नाकारत नाही. पण गाव सुटायच्या आतच, नेमकी मिस्तरींच्या टपरीसमोर, गाडीतून वाफ उसळली.

नानासाहेबांनी उन्हाळ्यावर युक्ती काढली होती. माठाला ओलं फडकं गुंडाळतात तसं त्यांनी जाळीवर ओलं गोणपाट बांधलं होतं. मिस्तरींचा कापूस सरळ धुळीत पडला.

"माठ एका जागी बसते, नानासाहेब! गाडीले वारा लागते. तुमी तं तिच्या नाकातोंडात बोळा कोंबला!" असं म्हणत त्यांनी गोणपाट ओढून काढलं. त्याच्या मागं जाळीत ओल्या धुळीचा चिखल गच्च बसला होता.

आत बायको कण्हत होती. मी हात जोडले, "मिस्तरी, लवकर करा हो." तर माझ्यावरच खेकसले, "तापल्या इंजिनावर गार पाणी ओतू काय? तडकलं तं बसा मंग घाटात बाईले घेऊन!" इंजिन निवेपर्यंत ते थांबले. मग आतल्या बाजूनं पाण्याची धार मारून जाळी मोकळी केली. या खेपेला कापूस चिकटला. तेवढ्यात नानासाहेब गोणपाट पुन्हा भिजवायला निघाले. "माझ्या गाडीला मी काय बांधायचं ते तू सांगणार?" मिस्तरींनी ते त्यांच्या हातातून हिसकावलं, गाडीत टाकलं आणि स्वतः त्यावर बसले. राजूरचा घाट चढून बुलढाणा येईपर्यंत उठले नाहीत. मुलगी झाली. दोघी वाचल्या.

आठ दिवसांत नानासाहेबांनी टपरीची जागा खाली करायला सांगितली. जागा त्यांची होती. चारचौघांत माफी मागितली तर राहू देणार होते. मिस्तरी म्हणाले, "मापी कायची मागू? गाडी थंडी केली त्याची?" गावानं माना खाली घातल्या. मीही घातली. नानासाहेब शाळेच्या कमिटीवर होते आणि माझी मास्तरकी अजून कायम व्हायची होती. आजही आठवलं की डोकं भणाणतं. अख्ख्या गावात तोंडावर खरं बोलणारा एक माणूस, आणि त्यालाच आम्ही हाकललं!

ते निघाले त्या सकाळी मी बैलगाडीत सामान चढवायला गेलो. आता माझी सालटी निघणार, हे धरूनच गेलो होतो. पान्ह्यांची पेटी माझ्या हातून घेत त्यांनी हळू आवाजात विचारलं, "मास्तर, पोरगी दूध पेते ना बरोबर?"

"पिते."

"मंग झालं," म्हणाले, आणि गाडीवानाला निघायची खूण केली. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी तरी सुटलो असतो.