हातांना मुभा

कर्णबधिर मुलांच्या त्या शाळेत सगळे त्यांना शिवणबाई म्हणत. त्या स्वतः जन्मापासून बहिऱ्या. तिथेच शिकल्या आणि पुढे तिथेच शिवण शिकवू लागल्या. शाळेचा नियम जुना होता: खुणा करायच्या नाहीत, तोंडानंच बोलायचं. इतर शाळांत तोंडावर बोट ठेवायला लावतात. इथे तोंडाला मोकळीक आणि हात जेरबंद. वर्गात मुलं हात मांडीखाली दाबून बसत. लहानपणी बाईही तशाच बसल्या होत्या.

एकदा शिवणवर्गात एका मुलीच्या बोटात मशीनची सुई घुसली. बाई भांडारातून कापड आणायला गेल्या होत्या. सुई तुटून आत राहिलीय, असं मुलगी खुणांनी जीव तोडून सांगत होती. शेजारच्या वर्गातून धावत आलेल्या सरांनी तिचे हात धरले. "आधी नीट बोल," म्हणाले आणि पट्टी बांधून मोकळे झाले. बाईंनी परतल्यावर पट्टी सोडायला लावली, मुलीला दवाखान्यात नेलं. त्याच आठवड्यात त्या भाचीला दुभाषी म्हणून घेऊन व्यवस्थापन समितीपुढे उभ्या राहिल्या.

अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, "खुणांची सवय लागली की मुलं बोलायचा कंटाळा करतात. तुम्हाला बघा, किती छान बोलता येतं."

बाईंनी भाचीला थांबवलं आणि स्वतःच्या आवाजात बोलायला सुरुवात केली. बराच वेळ बोलल्या. सगळे माना डोलावत राहिले. मग त्यांनी भाचीला खूण केली.

"मावशी विचारतेय, ती आत्ता काय म्हणाली?"

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. शेवटी कार्यवाह म्हणाले, "मुलांच्या भल्याचंच काहीतरी असणार."

"ती म्हणाली, माझं सगळं लहानपण हे बोलणं शिकण्यात गेलं. घरच्यांशिवाय ते कुणाला कळत नाही. तुम्हाला तरी कळतंय का?"

नियम लगेच गेला नाही. आधी शिवणवर्गात आणि वसतिगृहात खुणांना परवानगी मिळाली. काही पालकांनी मुलं काढून नेली, एका शिक्षकाने राजीनामा दिला. बाकीच्या वर्गांत खुणा यायला आणखी बरीच वर्षं लागली. मधल्या काळात बाईंनी भांडून समितीत जागा मिळवली आणि पहिल्याच बैठकीत खुर्च्या गोल मांडायला लावल्या, सगळ्यांचे चेहरे दिसावेत म्हणून. त्या फारशा लोकप्रिय नव्हत्या. हट्टी म्हणूनच ओळखल्या जात, आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नसे.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा शाळेत तीन बहिरे शिक्षक होते. अध्यक्ष मात्र शेवटपर्यंत त्यांच्याशी मोठ्या आवाजातच बोलत राहिले.