संत ऑस्ट्रबर्त एक ओळ खाली

रूआँ शहरात, मोठ्या चर्चमागच्या गल्लीत, प्रार्थनेच्या पोथ्या लिहिण्यात माझं आयुष्य गेलं. खरं तर मला त्यांतली चित्रं काढायची होती. पण माझी पहिलीच मेरीमाता बघून मालक म्हणाले, "थिबो, हिची दाढ दुखतेय का रे?" तेव्हापासून माझ्याकडे संतांचं पंचांग आलं. कुठल्या तारखेला कुठला संत, एवढं उतरवून काढायचं. त्यात चुकायला माणूस खास गुणाचा लागतो. तो मी निघालो.

कापड रंगवण्याच्या कारखान्याच्या मालकीण, विधवा ऑस्ट्रबर्तबाई, साठीला आल्यावर पोथी करून घ्यायला आल्या. अट एकच : त्यांच्या नावाची संत सोन्यात लिहायची. तारीख दहा फेब्रुवारी. नऊ तारखेच्या ओळीतलं एक अक्षर इतकं झकास उतरलं, की मी ते जवळून, लांबून, मान वाकडी करून बघत बसलो. लेखणी पुन्हा टेकवली ती एक ओळ सोडून. संत ऑस्ट्रबर्त अकराला जाऊन बसल्या. अशा लकाकत होत्या की कुणाला शंका आली नाही. मला तर नाहीच.

पुढच्या फेब्रुवारीत पाद्रीबाबांनी संत ऑस्ट्रबर्तची प्रार्थना दहा तारखेला जाहीर केली. बाई भर चर्चमध्ये उठल्या.

"अकराला, बाबा."

"बाई, चाळीस वर्षं मी दहालाच म्हणतोय."

"मग चाळीस वर्षं चुकताय. तुमची पोथी काळ्या शाईची. ही बघा!"

लोक हसू दाबायला लागले. मला पुढे बोलावलं. मी काही शूर नाही. म्हणालो, "काही गावांत अकराला करतात म्हणे."

"कुठल्या गावात?" बाबांनी विचारलं.

मला एकही गाव आठवेना. स्वतःचंसुद्धा.

"चूक माझी," मी कबूल केलं. "बाई, उद्या येऊन ती ओळ चाकूनं खरवडून देतो."

बाईंचा चेहरा पडला. पोथी त्यांनी छातीशी धरली. "खबरदार पातं लावशील तर! जन्मभर हात निळे करून घेतले, तेव्हा कुठे नाव सोन्यात दिसलं." मग बाबांकडे वळल्या. "दहाला तुमची प्रार्थना. अकराला माझ्याकडे जेवण. आणि हा मेला वाढायला येईल."

बारा वर्षं मी भाजलेली बदकं वाढली. गल्लीत नाव पडलं 'अकरावे'. लग्नानंतर वर्षभर बायकोला ते आडनावच वाटत होतं.

शेवटच्या आजारात बाईंनी ते पान उशाशी उघडं ठेवलं होतं. मला म्हणाल्या, "अक्षर मात्र सुरेख आहे हो तुझं." मला रडू आलं. आणि खोटं कशाला बोलू, जरा गर्वही वाटला.

नंतर त्यांच्या सुनेनं स्वतःची पोथी करायला घेतली. पंचांग तिनं दुसऱ्याकडून लिहून घेतलं. मला फक्त पानांवर रेघा आखायला दिल्या. त्या बऱ्यापैकी सरळ आल्या.